मसाज, मालीश, मर्दन की अभ्यंग?

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागासाठी तयार होत असलेल्या मराठी माहितीपत्रकात 'मसाज थेरपी'ला भाषांतरकाराने 'अभ्यंगचिकित्सा' म्हटले, तपासनिसाने ते खोडून 'मर्दनोपचार' केले आणि डॉक्टरांनी दोन्हींवर काट मारून 'मसाज' लिहिले. तर यांपैकी कोणता शब्द ठेवावा? त्याच पत्रकातले 'ही पर्यायी उपचारपद्धती मान्यताप्राप्त आहे' हे वाक्य चालेल का, असाही त्यांचा पुढचा प्रश्न आहे.

पहिला शब्द सगळ्यांत भारदस्त आहे आणि माझ्या मते या जागी तोच सर्वांत चुकीचा आहे. 'अभ्यंग' हा 'अभि' उपसर्ग आणि 'अञ्ज्' धातू यांपासून झाला. अञ्ज् म्हणजे माखणे, लेपणे. डोळ्यांत घालायचे 'अंजन' याच धातूचे. म्हणजे अभ्यंगात तेल मुख्य आहे आणि हात त्या तेलाचा वाहक आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपण करतो ते अभ्यंगस्नान, कारण आधी अंगाला तेल लागते. आयुर्वेदात या शब्दाला याहून नेमका अर्थ आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने दिनचर्येत अभ्यंग रोज करावा असे सांगितले, डोके, कान आणि पाय यांना तो विशेष करावा असे म्हटले, आणि लगेच कफाने ग्रासलेल्या, नुकतेच शोधन (शरीरशुद्धी) झालेल्या व अजीर्ण झालेल्या माणसाने तो टाळावा असेही बजावले. पंचकर्म या शुद्धीच्या उपचारांत तो स्वेदनाबरोबर, म्हणजे घाम आणण्याबरोबर, पूर्वतयारीचा भाग म्हणून येतो. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे ठरलेले असलेला हा पारिभाषिक शब्द आहे. ज्या विभागात कपड्यांवरूनच मान आणि खांदे दाबून मोकळे केले जातात आणि तेलाचा थेंबही लागत नाही, तिथे 'अभ्यंग' लिहिणे म्हणजे एका शास्त्राची पाटी दुसऱ्याच दारावर लावणे होय.

'मर्दन' हा शब्द क्रियेच्या दृष्टीने अचूक आहे. 'मृद्' धातूपासून प्राकृतात 'मल' आणि तिथून मराठीत 'मळणे' आले; कणीक मळताना तळहाताच्या टाचेने जो दाब देतो तोच पाठीच्या स्नायूंवर देतात. योगायोग असा की, फ्रेंच 'मसाज'च्या उगमाविषयी जी दोन मते आहेत, त्यांतले एक तो पोर्तुगीज 'अमासार', म्हणजे पीठ मळणे, या क्रियापदाशी जोडते (दुसरे मत स्पर्शवाचक अरबी 'मस्स'कडे बोट दाखवते). तेव्हा तपासनिसांचा शब्द आणि डॉक्टरांचा शब्द कदाचित एकाच परातीतले आहेत. अडचण आहे ती मराठी कानाची. आपल्याला 'मर्दन' ऐकले की कालियामर्दन, महिषासुरमर्दिनी आणि मानमर्दन आठवते. कंबर धरलेल्या आजोबांना 'आपले मर्दन दुपारी तीन वाजता आहे' असे सांगितल्यावर ते येतीलच याची खात्री देता येत नाही.

संस्कृतात यापेक्षा हळुवार शब्द होता, 'संवाहन', आणि तो आपण गमावला याची मला हळहळ वाटते. हातपाय चेपून देणे हा त्याचा अर्थ, आणि चौसष्ट कलांच्या यादीत त्याची गणना आहे. 'मृच्छकटिक' नाटकात संवाहक नावाचे एक पात्रच आहे. जुगारात हरून पळत आलेला हा माणूस वसंतसेनेला आपला व्यवसाय सांगतो, तेव्हा ती म्हणते की मोठी सुकुमार कला शिकलात. त्यावर तो उत्तरतो की कला म्हणून शिकलो, आता ती उपजीविका झाली आहे. मालीश करणाऱ्याचे समाजातले स्थान इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारा दुसरा उल्लेख मला माहीत नाही. कौतुक कलेचे होते, आणि त्यावर पोट भरणाऱ्याला मात्र स्वतःविषयी बोलताना खजील व्हावे लागते.

'मालीश' फारसीतून आला. 'मालीदन' म्हणजे चोळणे. त्याच क्रियापदाचे 'मालीदा' हे रूप आपल्याकडे चुरून केलेला 'मलिदा' होऊन आले आणि आता ते बहुधा कंत्राटांच्या बातम्यांत भेटते. मालीश मात्र घरात रुळली. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या मावशी पाय लांब करून पाटावर बसत, बाळाला नडग्यांवर पालथे घेत आणि कोमट तेलाचा हात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर नेत; तेल नुसते लावायचे नाही, ते 'जिरवायचे' असते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. त्या स्वतः 'मालीश' क्वचितच म्हणत. बाळाला 'तेल लावणे', बाळंतिणीचे 'अंग रगडणे', दुखऱ्या पोटरीला 'चोळून देणे', दमलेल्या पायांना 'चेपणे' आणि डोक्यावर 'तेल थापणे' अशी त्यांची कामाची भाषा होती. फ्रेंच परिभाषेत एफ्लुराज, पेत्रिसाज, फ्रिक्सिओं, तापोतमाँ असे जे हाताचे प्रकार शिकवले जातात, त्यांना हात फिरवणे, मळणे, चोळणे आणि थापटणे असे सरळ मराठी शब्द तयार आहेत. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात न लाजता वापरावेत. 'चंपी'विषयी इतकेच सांगतो की, हा 'चेपणे'च्या जवळचा हिंदी शब्द पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रायटनला नेला, दोन इंग्लिश राजांचा तो अधिकृत 'शाम्पूइंग सर्जन' झाला, आणि पुढे शब्द अंगावरून केसांवर सरकून 'शाम्पू' म्हणून बाटलीत जाऊन बसला.

आता 'थेरपी'कडे वळू, कारण तिघांची खरी ओढाताण तिथे आहे. 1894 साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो अशी ओरड वैद्यकीय नियतकालिकातून झाली, तेव्हा चार प्रशिक्षित स्त्रियांनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस' (मसाज करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था) स्थापन केली आणि डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही, वैद्यकीय पत्रांखेरीज कुठे जाहिरात द्यायची नाही, असे कडक नियम स्वतःवर घालून घेतले. 1920 साली या संस्थेला राजसनद मिळाली, तेव्हा नावात अजून 'मसाज' होता; 1944 साली तो काढून 'फिजिओथेरपी' हा शब्द घेतला गेला. हात तेच होते, पण व्यवसायाला प्रतिष्ठा मिळता मिळता त्याने आपला मूळ शब्द मागे ठेवला. आपल्याकडचा 'भौतिकोपचार' हा त्या नव्या नावाचा मराठी अवतार. महाराष्ट्रात त्याची वैधानिक परिषद आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात याउलट घडले: तिथे मसाज हा शब्द कायम राहिला आणि 'नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट' ही पदवी कायद्याने राखीव झाली, नोंदणी नसलेल्याला ती लावता येत नाही. म्हणून 'चिकित्सा' आणि 'चिकित्सक' हे शब्द मी इथे सुचवणार नाही. चिकित्सेत रोगनिदान गृहीत आहे आणि वाचणारा रुग्ण ते तसेच समजेल. 'उपचार' हा शब्द त्यामानाने नम्र आहे.

दुसऱ्या प्रश्नातल्या वाक्यात दोन शब्द खटकतात. 'पर्यायी' म्हणजे एकाच्या जागी दुसरे, आणि 'पूरक' म्हणजे एकाच्या जोडीला दुसरे. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी मसाजसारखी तंत्रे व्यायामाचा समावेश असलेल्या उपचारांचा भाग म्हणूनच वापरावीत असे म्हटले आहे; अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली नव्या कंबरदुखीत औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, अॅक्युपंक्चर यांच्याबरोबर मसाज घेतला, मात्र त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही नोंदवले. ज्या रुग्णालयात डॉक्टरच रुग्णाला मसाजकडे पाठवतात तिथे तो पूरकच आहे. अशा उपचारपद्धतींवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी केंद्रानेही 2014 साली आपल्या नावातून 'पर्यायी' काढून 'एकात्मिक' घातले. शिवाय भारतात आयुर्वेदाला 1970 पासून स्वतंत्र कायद्याचा आधार असल्यामुळे 'पर्यायी' ही मोजपट्टी आपल्याकडे मुळातच परकी आहे.

'मान्यताप्राप्त' हा शब्द तर कर्ता लपवणारा आहे. मराठीत 'मान्यता' समाजाचीही असते, सरकारचीही असते आणि विमा कंपनीचीही असू शकते, आणि या तिन्ही एकमेकींच्या पाठोपाठ येतातच असे नाही. मान्यता कोणाची हे सांगता येत असेल तर ते लिहावे. येत नसेल तर विशेषण गाळावे.

तेव्हा पत्रकात मी असे वाक्य ठेवीन: 'भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने, मुख्य उपचारांना पूरक म्हणून, येथे मालीश केली जाते.' शीर्षकात हवा असल्यास 'मसाज' खुशाल ठेवावा. तो आता मराठी आहे. आयुर्वेद विभागाचे पत्रक निघेल तेव्हा 'अभ्यंग' तिथे शोभेल. लेखनाविषयी एक सूचना: मालीश हा तत्सम शब्द नसल्यामुळे 'वकील', 'गरीब' यांच्याप्रमाणे त्यातला 'ली' दीर्घ लिहावा, आणि विभक्ती लागताना 'वकिलाला', 'गरिबाला' यांच्याप्रमाणे तो ऱ्हस्व करून 'मालिशीने', 'मालिशीसाठी' असे लिहावे, पाठवलेल्या मसुद्यात दुसऱ्या पानावर हे उलटे झाले आहे.