घरामागचं क्राउन ग्रीन

अमोल, तुम्ही लिहिलंय, "ताई, मार्चअखेर बोल्टनला येतोय. बायकोची नोकरी पक्की आहे, भाड्याचं घरही जवळजवळ ठरलंय. पण मागच्या भिंतीला लागून एका क्लबचं बोलिंग ग्रीन आहे. रात्री आवाजाचा त्रास होईल का? आणि मराठी मंडळाबाहेर तिथे माणसं भेटतात तरी कशी?" तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न समजताय. मला विचाराल तर दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातल्या भिंतीपलीकडेच आहे.

आधी मॉलमधला तो दहा बाटल्या पाडायचा खेळ डोक्यातून काढा. हा गवतावरचा खेळ आहे, आणि त्यातही तुमचं बोल्टन जिथे आहे त्या उत्तर इंग्लंडचा खास, क्राउन ग्रीन. दक्षिणेत हिरवळ कॅरमबोर्डसारखी सपाट असते, तिच्यावर पट्टे पाडलेले असतात आणि ज्याने त्याने आपापल्या पट्ट्यात खेळायचं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, ते त्या सपाट खेळात. त्या आठवड्यात मी क्लबात पेढे नेले होते. सगळ्यांनी खाल्ले, अभिनंदन केलं, आणि आमच्या कॅप्टनने बोटं चाटत हळूच विचारलं, "पण ते फ्लॅटवरचं ना?"

आमचं ग्रीन म्हणजे पालथी घातलेली परात. साधारण चाळीस यार्डांचा चौकोन, मध्यभाग कडेपेक्षा फूटभराच्या आतबाहेर उंच, चारी बाजूंनी छोटा चर. पट्टे वगैरे काही नाही. कुठल्याही कोपऱ्यातून कुठल्याही कोपऱ्याकडे खेळायचं. एका वेळी चार जोड्या खेळत असतात आणि त्यांच्या वाटा एकमेकींना सरळ छेदतात. पहिल्या दिवशी मला ते लक्ष्मी रोडवर गणपतीच्या आदल्या संध्याकाळी रस्ता ओलांडण्यासारखं वाटलं होतं. महिनाभरात कळतं की प्रत्येकजण डोळ्याच्या कोपऱ्यातून बाकीच्या तीन जोड्यांवर लक्ष ठेवून असतो.

लँकेशायर, यॉर्कशायर, चेशर, खाली स्टॅफर्डशायर-श्रॉपशायर, उत्तर वेल्स आणि आइल ऑफ मॅन, मुख्यत्वे हाच या खेळाचा मुलूख. लंडनच्या माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि इथल्या लोकांना त्याचा छुपा आनंद आहे.

प्रत्येक खेळाडूकडे दोन वूड्स, म्हणजे गवतावरून घरंगळत सोडायचे मोठे गोळे. पूर्वी ती लिग्नम व्हिटी नावाच्या जड लाकडाची असत. आता कृत्रिम असतात, पण नाव तेच राहिलं. जॅक म्हणजे लक्ष्याचा लहान गोळा. दोन्हींची घडण एका अंगाने किंचित वेगळी असते, त्यामुळे वेग उतरला की ते एका बाजूला वळतात. सपाट खेळातला जॅक सरळ जातो, आमचा वळतो. सगळी गंमत तिथेच आहे. जॅक टाकणारा आधी सांगतो, वळण अंगठ्याच्या बाजूने की बोटांच्या. मग जॅक ज्या वाटेने गेला ती वाट डोळ्यांत साठवायची आणि आपलं वूड त्याच वाटेने धाडायचं. पाय फूटर नावाच्या छोट्या गोल चकतीवर ठेवायचा. जॅक किमान १९ मीटर लांब गेला पाहिजे. जॅकच्या सर्वांत जवळ तुमचं एक वूड असेल तर एक गुण, दोन्ही असतील तर दोन. जो आधी २१ करेल तो जिंकला. ज्याने डाव घेतला त्याच्या हाती पुन्हा जॅक, म्हणजे पुढची वाटही तोच ठरवणार. जॅक एकदा हातचा गेला की समोरचा तुम्हाला तुमच्या नावडत्या कोपऱ्यात नेऊन तासभर घोळवतो. लहानपणी गोट्या खेळला असाल तर नेमाचं कौतुक असेल तुम्हाला. इथे नेम नंतर, आधी उतार वाचायला शिका. सकाळचं दवाचं गवत आणि जूनमधलं कोरडं गवत ही दोन वेगळी मैदानं आहेत.

आता लीग. आमची टीम आठ जणांची, मॅच दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, एक आठवडा आपल्या ग्रीनवर, एक दुसऱ्यांच्या. दोन्ही कॅप्टन एकमेकांना न दाखवता आपापली यादी लिहितात, मग कार्डं जुळवतात. पहिल्याची गाठ पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी. चार जोड्या आधी उतरतात, चार नंतर. बाकीचे बाकावर बसून प्रत्येक वूडवर शेरे मारतात. प्रत्येक लीगचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे दहा किंवा बारा जणांची टीम, कुठे अर्धी टीम घरी आणि त्याच वेळी अर्धी बाहेर, कुठे चांगल्या खेळाडूला उणे गुणांनी सुरुवात. साठीपुढच्यांच्या लीग दुपारी असतात, म्हणजे तुमचे वडील उन्हाळ्यात आले तर त्यांचीही बाकावर बसायची सोय झाली. बऱ्याच लीगमध्ये बायका-पुरुष एकत्र खेळतात. तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे म्हणता, तिला जरूर घेऊन जा. आमच्याकडे एक शाळकरी पोरगी ऐंशीच्या खेळाडूला हरवून त्याच्याकडूनच चॉकलेट घेते.

आमच्या लीगमध्ये प्रत्येक विजयाचा एक गुण, आणि आठही जणांच्या धावा, म्हणजे ते काढलेले २१-२१ वगैरे, एकत्र मोजून ज्यांची बेरीज जास्त त्यांना वरून दोन. हे नीट समजून घ्या, कारण नवख्या माणसाची टीममधली जागा याच बेरजेवर उभी असते. माझी पहिली मॅच मी २१–९ अशी हरले. मान खाली घालून आत आले तर कॅप्टन कार्डावर पेन्सिल आपटत म्हणाला, "नऊ! छान, लव्ह." मला वाटलं थट्टा करतोय. नंतर कळलं की माझ्याआधी त्या जागी खेळणारा गृहस्थ तीन-चारवरच आटोपायचा. इथे तुमच्याकडून जिंकण्याची अपेक्षा पहिली दोन वर्षं कोणी करत नाही. लवकर मरू नका, एवढीच अपेक्षा.

आणि त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. इथले लोक पुण्यामुंबईच्या मानाने मोकळे, वाटेत थांबून बोलणारे. पण घरी कोणी बोलवत नाही. मी पहिली चार वर्षं "हॅलो, काय थंडी आहे" यापलीकडे गेले नव्हते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम, घर, आणि सप्टेंबरात मँचेस्टरकडच्या मराठी मंडळींचा गणपती. क्लबात गेले ती खेळाच्या ओढीने नाहीच. फाटकावर पाटी होती, 'खेळाडू हवेत'. मंगळवारी मी रिकामी असायचे. हंगामात सगळ्याच क्लबांना आठवा माणूस कमी पडत असतो. कुणाचा गुडघा दुखतो, कुणी स्पेनला गेलेला असतो. जो न सांगता साडेसहाला हजर होतो तो त्यांच्या लेखी सोन्यासारखा. तुम्ही कुठले, काय खाता, हे प्रश्न नंतर येतात. (पहिला प्रश्न 'गुजराती का?' हाच असेल. बोल्टनमध्ये गुजराती कुटुंबं पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यामुळे इथे सगळे भारतीय गुजराती. रागावू नका, 'महाराष्ट्र' हा शब्द त्यांना शिकवायला मला सहा महिने लागले आणि अजून ते 'माराश्त्रा' म्हणतात.)

सगळं गोडच आहे असं सांगणार नाही. एका बाहेरच्या क्लबात दारावरच्या माणसाने मला स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं होतं, जेवण पोचवायला आलेली समजून. मी काही बोलायच्या आत आमचा कॅप्टन पुढे झाला आणि म्हणाला, "ती आमची पाच नंबर आहे." तेवढंच. त्या संध्याकाळी मी हरले, पण त्या क्लबाशी मॅच असली की आजही मी जरा लवकर पोचते आणि बारमध्ये मधोमध बसते.

ऐंशीच्या आजोबांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नव्हती. मी 'मिस्टर' लावून बघितलं तर सगळे हसले. शेवटी नाव न घेताच बोलायची युक्ती काढली. आपल्याकडे सुना सासऱ्यांशी बोलायच्या तशी. वर्षभर चालली ती.

मॅचनंतर जेवण असतं, बहुतेक वेळा मांस-बटाट्याचा 'पाय' (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) आणि वाटाणे, नाहीतर सँडविच. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, चीज-कांद्याचा पाय मिळतो आणि तो वाईट नसतो. दारू घेतलीच पाहिजे असं अजिबात नाही. मी लाइम-सोडा घेऊन बारा वर्षं काढली. मात्र बारमध्ये काहीतरी घ्या, कारण गवत कापण्याचे पैसे तिथूनच निघतात. शुक्रवारी रॅफल असते आणि बक्षीस म्हणजे मांसाचा भलामोठा ट्रे. तो मी दोनदा जिंकले आहे. शेजारणीला दिला, तिने बदल्यात रुबार्बचा क्रंबल आणून दिला, आणि अशा रीतीने एका घरात जाणं-येणं सुरू झालं.

खर्चाचं म्हणाल तर वर्गणी फार नसते. सुरुवातीला क्लबचीच जुनी वूड्स वापरा. ती वजनावर ओळखतात, 'दोन-आठ' म्हणजे दोन पौंड आठ औंस. घाईने नवी जोडी विकत घेऊ नका, हाताला काय बसतं ते कळायला एक हंगाम लागतो. आणि एखाद्या पोटमाळ्यावरून कुणाच्या तरी वडिलांची जोडी निघतेच. माझी तशीच मिळालेली आहे, एकावर त्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

घराबद्दल. आवाज म्हणाल तर वूडवर वूड आपटल्याची ठक्, अधूनमधून "गेट अप!" अशी आरोळी, आणि सकाळी गवतकापणीचं यंत्र. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो तेव्हा मॅच लांबते, पण ती माणसं गोंगाट करणारी नव्हेत. सप्टेंबर संपला की सहा महिने नुसती शांतता. खरी चौकशी वेगळीच करा, ते ग्रीन कोणाच्या मालकीचं आहे? सभासदांच्या विश्वस्तांचं असेल तर ठीक. पब चालवणाऱ्या कंपनीचं असेल तर सावध राहा. इकडे कितीतरी पब बंद पडले आणि मागच्या ग्रीनवर घरं उभी राहिली. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बागांमधली ग्रीनही खर्च परवडत नाही म्हणून कुठे कुठे क्लबांनीच सांभाळायला घेतली आहेत. आज खिडकीतून हिरवळ दिसते म्हणून जास्त भाडं देत असाल तर कौन्सिलच्या वेबसाइटवर त्या जागेसाठी बांधकामाचा अर्ज आलाय का ते पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर येताय. मार्चच्या शेवटच्या एखाद्या शनिवारी सभासद जमून बाकांना रंग देतात, चर साफ करतात. त्या दिवशी जा आणि फावडं मागा. ओळख करून घ्यायला मॅचच्या संध्याकाळपेक्षा तो दिवस बरा, कारण तेव्हा सगळ्यांना बोलायला वेळ असतो. लीगमध्ये नाव नोंदवण्याची मुदत असते आणि एका लीगमध्ये एकाच क्लबकडून खेळता येतं, तेव्हा सही करण्याआधी दोन क्लब बघा. मोठ्या टीमचा मोह धरू नका, 'ब' टीम असलेला क्लब शोधा. तिथे तुम्हाला दर आठवड्याला खेळायला मिळेल.

खेळाची गोडी लागली तर शरद ऋतूत ब्लॅकपूलला या. वॉटरलू स्पर्धा तिथे १९०७ पासून भरते. ब्रायन डंकन यांनी ती पाच वेळा जिंकली आणि त्यांचं नाव आमच्या बारमध्ये अजून आपल्याकडे गावसकरांचं घेतात तसं घेतलं जातं. बोल्टनहून थेट गाडी आहे, डबा घेऊन जायचं. आमच्या लीगचे शेवटचे सामने मात्र नेमके गणपतीच्या दिवसांत येतात. दोन वर्षांपूर्वी मी आरतीहून थेट ग्रीनवर गेले होते, कपाळावर कुंकू तसंच. समोरच्या बाईंनी विचारलं, लागलंय का?

येताना टाच नसलेले सपाट तळव्याचे बूट आणा, टाचेने ग्रीनवर खड्डे पडतात आणि ते कोणी खपवून घेत नाही. आणि एक जुना, धुऊन मऊ झालेला पंचा. पावसातही मॅच चालू राहते, ओलं वूड हातातून निसटतं, आणि इथले जाड टॉवेल पाणी टिपतच नाहीत. माझा पंचा आमच्या टीममध्ये इतका फिरतो की माझ्याच पाळीला मला सापडत नाही. जमलं तर दोन जास्तीचे टाका बॅगेत.