आठ पिशव्या दूध

*माई, नमस्कार. मी नाशिकला असते. हे सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, हातात ५२,००० येतात. घराचा हप्ता १७,०००. मी घरी फॉल-पिको करते, सणासुदीला सहा-सात हजार सुटतात, एरवी तीन. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, शिवाय सासूबाई.*

*मी काटकसर मनापासून करते. भाजी बुधवारी गंगेवरच्या बाजारातून आणते, तीही दिवेलागणीला, भाव उतरले की. डाळ-तांदूळ भिजवल्याशिवाय कुकरला लावत नाही, दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद. साय साठवून तूप घरचं. दुधाच्या पिशव्या धुऊन-वाळवून भंगारवाल्याला. या सगळ्यातून महिन्याला १,४०० रुपये वाचतात, माझ्याकडे वहीत हिशोब आहे.*

*पण सासूबाईंपुढे काही चालत नाही. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून रोज चार वाजता सोसायटीतल्या तीन-चार जणी येतात, सगळ्यांना चहा, तोही निव्वळ दुधाचा. रोज अर्धा लिटर दूध जास्तीचं लागतं. काही म्हटलं की डोळ्यांत पाणी. ह्यांना सांगितलं तर हे गप्प.*

*बाकी ह्यांचा खर्च म्हणाल तर काही नाही, सुपारीचंही व्यसन नाही. सासऱ्यांच्या वेळी हॉस्पिटलचं बिल क्रेडिट कार्डावर भरलं होतं (अकरा दिवस आयसीयू), ते अजून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास आहे म्हणतात, पण त्याचं मिनिमम नऊ हजार दर महिन्याला आपोआप जातं, ती काळजी नाही. पैशाचं सगळं तेच बघतात. पेट्रोलही कार्डावर भरतात, पॉइंट मिळतात. मुलीसाठी आमच्या दोघांच्या नावावर दोन लाखांची एफडी आहे, तिला हात लावत नाही, पावती सासूबाईंच्या कपाटात असते.*

*तर माई, सासूबाईंना न दुखावता दुधाचा खर्च कसा कमी करू? आणि आणखी कुठे वाचवता येईल?*

*— काटकसरी, नाशिक*

काटकसरी,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला कौतुक वाटलं. (तूरडाळ दुसऱ्या शिट्टीला शिजत असेल तर ती कुठल्या दुकानातली ते मला कळवा. आमच्याकडे चार लागतात.) दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि ‘ती काळजी नाही’ या तीन शब्दांशी अडकले. तिथून पुढे जाववेना. सबंध पत्रात काळजी करण्यासारखी गोष्ट तेवढी एकच, आणि नेमकी तीच तुम्ही सुपारीच्या व्यसनाशेजारी बसवून मोकळ्या झालात.

सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसत होते. तिथे एक बाई यायच्या. पाटल्या गहाण ठेवून सोनेतारण कर्ज घेतलेलं. दरवर्षी येऊन व्याज भरायच्या, कर्ज नवं करून घ्यायच्या आणि पावती रुमालात बांधून समाधानाने घरी जायच्या. सहाव्या वर्षी मला म्हणाल्या, “आता थोडंच राहिलं असेल ना हो?” मी खातं उघडून दाखवलं. मुद्दलातला रुपया हलला नव्हता. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पावतीकडे पाहिलं, परत बांधली आणि काही न बोलता गेल्या. चूक त्यांची एवढीच की दर वेळी पावती मिळत होती म्हणून त्यांना वाटलं, कर्ज फिटतंय. तुमचं ‘मिनिमम’ ही तीच पावती आहे. फरक इतकाच की त्या बाईंचं व्याज वर्षाला तेरा-चौदा टक्के होतं.

तुमचं किती आहे माहीत आहे? आपल्याकडच्या बहुतेक कार्डांना महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. महिन्याला, बरं का. साडेतीन धरलं तर वर्षाचे बेचाळीस टक्के झाले. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कुणी तरी वरून येऊन हा दर खाली आणेल, याची वाट बघण्यात अर्थ नाही.

तुमची ती वही आणा. कोऱ्या पानावर लिहा. १,८०,००० वर साडेतीन टक्के, म्हणजे ६,३००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१३४. बेरीज ७,४३४. तुम्ही भरता ९,०००. वजाबाकी तुम्हीच करा, मी करून दिली तर तुम्हाला झोंबणार नाही.

केली? १,५६६ रुपये. नऊ हजारांतून कर्ज कमी होतं ते एवढंच. आणि त्याच महिन्यात तुमचे यजमान त्याच कार्डावर पेट्रोल भरतात, म्हणजे ते १,५६६ सुद्धा तिकडून आत आले. वर मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, ज्या दिवशी पेट्रोल भरलं त्या दिवसापासून व्याज सुरू. पॉइंट मिळतात म्हणे! दोन वर्षांत तुमच्या घरातून २,१६,००० रुपये गेले आणि आकडा अजून ‘एक लाख ऐंशीच्या आसपास’च आहे. उद्यापासून पेट्रोल बंद करून नुसतं मिनिमम भरत राहिलात, तरी या एक लाख ऐंशीचे नव्वद व्हायला साडेसहा वर्षं लागतील, कारण बाकी घटली की मिनिममही घटतं. तुमचा चौथीतला मुलगा तोवर दहावी देऊन मोकळा झालेला असेल.

आता दुधाकडे येऊ, कारण तुम्हाला दुधाचंच पडलं आहे. ७,४३४ भागिले तीस. दिवसाला २४८ रुपये. अर्ध्या लिटरची पिशवी तीस रुपयांच्या आसपास धरा. रोज सकाळी उठून कुणी तुमच्या मोरीत आठ पिशव्या दूध ओततंय, दोन वर्षं ओततंय, आणि तुम्ही नवव्या पिशवीवरून सासूशी भांडताय. तुमच्या महिनाभराच्या बचतीत या व्याजाचे सहा दिवससुद्धा पुरते भागत नाहीत. ते १,४०० रुपये खोटे नाहीत, त्यामागे तुमचे हात आहेत, हे मला कळतं. म्हणून तर राग येतोय.

आणि राग तुमच्यावर आहे, काटकसरी. सासूबाईंवर नाही, यजमानांवरही फारसा नाही. ज्या बाईला कुकरच्या शिट्ट्यांपासून दुधाच्या पिशव्यांपर्यंत पै-पैचा हिशोब तोंडपाठ आहे, तिने दोन वर्षांत कार्डाचं ते बिल एकदाही उघडून पाहिलेलं नाही. ‘आसपास आहे म्हणतात.’ दुसऱ्या कुणी वाण्याच्या उधारीबद्दल असं मोघम सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का? त्या बिलावर आता बँकेला छापावंच लागतं की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. छापलेलं आहे. वाचायला कुणी तरी हवं ना. पैशाचं ते बघतात म्हणता, पण तेही बघत नाहीत. बँकेचा ऑटो डेबिट बघतो.

ते का बघत नसतील याचा मला अंदाज आहे, चुकीचाही असू शकेल. तो आकडा म्हणजे त्यांच्या वडिलांचे ते अकरा दिवस. बिल उघडलं की तो कॉरिडॉर आठवत असेल. अशी बिलं लोक उघडत नाहीत, मी पाहिलं आहे. ज्या घरात वर्षाची पाणीपट्टी आगाऊ भरतात त्या घरातही ती दोनदोन वर्षं खणात पडून असतात. त्यामुळे तुम्ही दुधाबद्दल बोललात की ते गप्प बसतात, त्याचा अर्थ ते आईच्या बाजूने आहेत असा लगेच घेऊ नका.

आणखी कुठे वाचवता येईल म्हणून विचारलंत. एकही नवी युक्ती सांगणार नाही. तुम्ही आहे तेवढ्यानेच पुरेशा दमला आहात. तुम्हाला एकच काम आहे: एफडी मोडा आणि कार्ड पूर्ण भरा.

हो, मुलीची एफडी. मोडताना हात थरथरेल, कळतंय मला. मुलीच्या नावाने ठेवलेलं मोडू नये, असं आपल्या बायकांच्या रक्तातच असतं. पण ती ठेव काय करते आहे ते बघा. सात टक्के धरले तर वर्षाला १४,००० मिळवते. त्याच वर्षात कार्ड ८९,००० खातं. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, म्हणजे हजार-दोन हजार. तेवढे तुमचं कार्ड आठवड्याभरात गिळतं. बँकेतला मुलगा म्हणेल, मोडू नका मॅडम, ठेवतारण कर्ज घ्या, ठेवीपेक्षा टक्का-दोन टक्केच जास्त व्याज. तो खोटं बोलत नसेल. दुसरी एखादी बाई असती तर मीही तिला तेच सांगितलं असतं. तुमच्या घरात नको. ज्या घरात हप्ता आपोआप जातो म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही, त्या घरात आणखी एक हप्ता कशाला?

कार्ड मिटलं की महिन्याला ९,००० मोकळे होतात. ते घरखर्चात मिसळू देऊ नका, जिरतील. त्याच दिवशी त्याच काउंटरवर ९,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. वीस महिन्यांत १,८०,००० परत उभे राहतील, वर व्याज. मुलगी दहावीत असेल तेव्हा तिचे पैसे जिथल्या तिथे. दोन लाखांतून उरलेले वीस हजार बचत खात्यात पडू द्या, कुणाला ताप आला, दात दुखला की कार्ड काढायला नको.

दोघांच्या नावावरची ठेव मुदतीआधी मोडायची तर बँका बहुधा दोघांच्याही सह्या मागतात. फार चांगलं. येत्या शनिवारी दोघं मिळून जा. दुसरा किंवा चौथा असेल तर बँक बंद, मग सोमवारी त्यांना अर्धी रजा टाकायला लावा. जाण्याआधी आदल्या रात्री, मुलं झोपल्यावर, ते बिल दोघांनी मिळून उघडा. ‘आसपास’ नको, नेमका आकडा पाहिजे. मी साडेतीन टक्के धरले, तुमच्या बिलावर खरा दर लिहिलेला असतो, तो वहीत टिपा. त्यांना हिशोब समजावत बसू नका, वहीचं पान नुसतं पुढे सरकवा. कारखान्यात रोज उत्पादनाचे आकडे बघणारा माणूस आहे, त्याला मिनिटभर पुरे.

पूर्ण रक्कम भरूनही पुढच्या बिलात थोडं व्याज येईल. दचकू नका. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते असतं. तेही भरा, मग पाटी कोरी. ऑटो डेबिटला ‘मिनिमम’ऐवजी ‘टोटल’ करून घ्या. आणि पेट्रोल रोखीने, नाहीतर फोनवरून थेट खात्यातून.

सासूबाईंच्या चहाचं म्हणाल तर महिन्याला नऊशे रुपये होतात. नवरा गेलेल्या बाईकडे दोन वर्षं रोज चार वाजता चौघीजणी न चुकता येताहेत. हे नऊशे रुपयांत कुठे मिळतं ते मला सांगा, मी माझ्यासाठी चौकशी करते. त्या दुधात पाणी घालायचं नाही.

पण त्यांच्याशी तुम्हाला बोलावं लागणार आहेच, कारण पावती त्यांच्या कपाटात आहे. कशाला हवी, असं त्या विचारणारच. खरं ते सांगा, हॉस्पिटलचं बिल अजून फिटलेलं नाही म्हणून. त्यांना हे ठाऊक असेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. फक्त चारच्या चहाच्या वेळी मागू नका, सगळ्या जणी गेल्या की मागा.

— माई