धूळ आणि धूर : हवेतली सोयरीक

प्रश्न : उन्हाळ्यात राजस्थानकडून धुळीची आंधी येते, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर थर बसतो. गल्लीतल्या लाकडाच्या चुलींचा धूरही असतोच. हे दोन्ही हवेत एकजीव होतात का? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : काकू, बहुतांशी नाही. धुळीचे कण अनेकदा काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वेडेवाकडे. धुराचे बहुतेक एका मायक्रॉनहूनही बारीक. (म्हणून नाकावरचा पदर धूळ थोडीफार अडवतो, धूर जवळजवळ नाहीच.) ताजे असताना दोघे एकाच हवेत, पण वेगवेगळे तरंगतात. काही धूरकण धुळीच्या कणावर आदळून चिकटतात, धुरातल्या वाफाही त्यावर गोठतात. त्या लेपात पाण्यात विरघळणारे क्षार असले, तर कोरडा कणही ओलावा धरू लागतो. काजळी चिकटली, तर तो ऊन जास्त शोषतो.

खरी गंमत पश्चिम आफ्रिकेत आहे. हिवाळ्यात सहाराची धूळ जमिनीलगत वाहते आणि दक्षिणेकडच्या गवत-रानांच्या वणव्यांचा धूर तिच्या वर चढतो. २००८ साली तिथल्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या केप व्हर्दे बेटांवर शास्त्रज्ञांनी आकाशात लेसर सोडून हे मोजले. वेडावाकडा कण परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण (म्हणजे प्रकाशलहरींची डोलण्याची ठरावीक दिशा) बिघडवतो, धुराचा गोलसर कण फारसे नाही. खाली जवळपास निव्वळ धूळ सापडली, वरच्या थरात धूळ-धूर दोन्ही.

तुमच्या गच्चीवरचा थर कशाचा, हे मात्र लेसरशिवायही कळेल : बोटांत चोळून पाहा. खरखरीत लागला, तर बराचसा धुळीचाच.