डिस्टोपियाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न अमळनेरच्या एका वाचकाचा आहे. डिस्टोपिया म्हणजे जिथे जगणं असह्य झालेलं आहे असं कल्पित वाईट जग. पांझरा नदीकाठच्या गावात पन्नास वर्षांनंतर घडणारी एक कथा ते लिहीत आहेत. ते विचारतात, ‘डिस्टोपियाला मराठी शब्द कोणता? मी दुःस्थान असा शब्द केला आहे, तो चालेल का? आणि अशा कथेला विज्ञानकथाच म्हणायचं का?’

व्युत्पत्ती पाहिली तर दुःस्थान बिनचूक आहे. ग्रीक ‘डिस्’ आणि संस्कृत ‘दुस्’ एकाच मुळातून आलेले, दोन्हींचा अर्थ वाईट, आणि ‘टोपोस’ म्हणजे जागा. अडचण एवढीच की हा शब्द ज्योतिषाने आधीच घेतलेला आहे. कुंडलीतल्या सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानांना दुःस्थान म्हणतात. ज्याला पत्रिकेची थोडी जरी ओळख आहे, त्याला हे शीर्षक वाचून ग्रहदशा आठवेल. तुमच्या कथेत दोष ग्रहांचा नाही.

मूळ शब्दाचा प्रवास पाहिला की आपली वाट सोपी होते. इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ साली एका कल्पित आदर्श बेटासाठी ‘युटोपिया’ हे नाव घडवलं. त्यातला ‘ऊ’ म्हणजे ‘नाही’, म्हणून नसलेली जागा. पण उच्चारात ग्रीक ‘एउ’ म्हणजे ‘चांगलं’ याचाही भास होतो, आणि हा ‘एउ’ आपल्या ‘सु’चा भाऊबंद आहे. पुढे १८६८ साली इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर बोलताना सरकारपक्षाला युटोपियन नव्हे, तर ‘डिस-टोपियन’ किंवा ‘कॅको-टोपियन’ म्हटलं पाहिजे, असं सुनावलं. ‘कॅको’ म्हणजे वाईट, आपला ‘कु’. म्हणजे ‘दुस्’ आणि ‘कु’ दोन्ही उपसर्गांना आधार आहे. आणि मिलचा रोख भूगोलावर नव्हता, राज्यकारभारावर होता. जागेला चिकटून राहण्याची गरज तिथेच संपते.

आता सुचणारे इतर शब्द. ‘दुःस्वप्नलोक’ ऐकायला छान, पण स्वप्नातून जाग येते, आणि या कथेतल्या माणसांना ती सोय नसते. ‘नरक’ नको, कारण नरकात जाणाऱ्याच्या पापाचा हिशोब झालेला असतो; इथे निरपराधही भरडला जातो. ‘कलियुग’ त्याहून फसवं. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेयाने कलियुगाचं जे वर्णन केलं आहे, ते वाचताना पुष्कळ खुणा पटतात, पण युग काळाच्या फेऱ्याने येतं, त्याला जबाबदार कुणी नसतं. ‘बेबंदशाही’ तर उलट टोक आहे. तिथे कसलाच बंद उरलेला नसतो, आणि डिस्टोपियात श्वासालासुद्धा नियम असतो.

‘दुर्लोक’ हा त्यातल्या त्यात बरा, पण मराठीत लोक म्हणजे माणसंही. ‘दुर्लोकात’ म्हणजे वाईट जगात आणि ‘दुर्लोकांत’ म्हणजे वाईट माणसांत. सगळा भार एका अनुस्वारावर. छापताना तो हमखास चुकतो.

माझं मत ‘कुराज्य’ या शब्दाला आहे. मराठी माणूस चांगल्या जगाची कल्पना करतो ती जागेची नव्हे, राज्याची करतो. रामराज्य, सुराज्य, आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. मग त्याचं उलटं रूपही त्याच कुळातलं हवं. कुणी म्हणेल, राज्य म्हणजे सरकार, आणि काही कथांत जुलूम कंपनीचा किंवा यंत्राचा असतो. पण मराठीत राज्य तेवढं अरुंद नाही. घरात सासूचं राज्य असतं, लपंडावात एकावर राज्य येतं. जिथे ठरवणं कुणा एकाच्या हाती जातं, तिथे हा शब्द बसतो.

फक्त ‘दुर्राज्य’ किंवा ‘दुःराज्य’ लिहू नका. विसर्गापुढे र आला की विसर्ग लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: निः + रोग = नीरोग. त्या नियमाने ‘दूराज्य’ होईल, आणि वाचणारा ते ‘दूरचं राज्य’ समजेल. ‘कु’ला हा त्रास नाही.

दुष्काळ हा शब्द मात्र मनात जवळ ठेवा. दुस् + काल, म्हणजे वाईट काळ. डिस्टोपिया वाईट जागा, तर हा तिचा काळातला जुळा. पण दोघांची सरमिसळ झाली की कथा बिघडते. पहिल्या खर्ड्यात बहुतेक हेच होतं: भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, टँकरमागची रांग, आणि कथा तिथेच थांबते. मराठीत यावर नेमकी जोडी आहे, अस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही ही अस्मानी. पाऊस पडूनही पाणी कुणाला द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं असणं ही सुलतानी. कुराज्याची कथा सुलतानीची असते.

तुम्हाला त्यासाठी लांब जायला नको. पांझरेवरची फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली बहुधा चार फड, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे चार मोठे भाग. एका फडात हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाटकरी पाणी सोडतो, बारेकरी ते वावरात फिरवतो, जागल्या राखण करतो. हे सगळं जसंच्या तसं ठेवा आणि एकच गोष्ट बदला: कोणता फड कोरडा राहील हे पंचांऐवजी मोबाइलवर येणारा संदेश ठरवतो. पहिली दोन वर्षं तो पंचांपेक्षा न्यायाने वागू द्या. लोकांनी त्याचं कौतुक केल्याशिवाय पुढची भीती खरी वाटत नाही. एकदम दहा गोष्टी बदलल्या तर वाचक नियम पाठ करत बसतो, माणसांकडे त्याचं लक्ष जात नाही.

दुसरं हत्यार भाषेचं आहे, आणि ते मराठीत फार धारदार आहे. ‘फड क्रमांक ३ ला चालू आवर्तनात पाणी देण्यात येणार नाही.’ या वाक्यात कर्ता नाही. ‘करण्यात येते’, ‘ठरविण्यात आले आहे’ या रचनांतून करणारा गायब होतो. कुराज्याचा आवाज असाच ठेवा, शांत आणि नम्र. ओरडणारा खलनायक लागत नाही. त्यासमोर घरातली अहिराणी ठेवा: ‘पानी नही शे’. निवेदन प्रमाण मराठीत, फर्मान कार्यालयी मराठीत, बोलणं अहिराणीत. अहिराणीत णचा न आणि ळचा य होतो, केळीची केयी होते. संवादात हे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारखं पाळा. मधूनच प्रमाण रूप आलं तर वाचकाला तिथे काही अर्थ दडला आहे असं वाटतं.

विज्ञानकथा म्हणायचं का, याचं उत्तर छोटं आहे. कथेचा खिळा वैज्ञानिक तत्त्वावर ठोकलेला असेल तर ती विज्ञानकथा. नियमावर ठोकलेला असेल तर कुराज्यकथा. तुमच्या कथेत मोबाइल आहे, पण खिळा पाणीवाटपाच्या नियमावर आहे. दोन्हींना आणि अद्भुतकथेलाही सामावणारं एकच नाव हवं असेल तर ‘जर-तरच्या कथा’ म्हणा, कुणालाही कळेल.

लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘कुराज्य, म्हणजे डिस्टोपिया’ असं एकदा द्या, मग नुसतं कुराज्य. शब्द नपुंसकलिंगी, कुराज्यात, कुराज्याची कादंबरी. ‘कुराज्यी’ असं विशेषण करू नका, षष्ठीने काम भागतं. परका शब्दच ठेवायचा तर तो रुपयासारखा चालवा: डिस्टोपियात, डिस्टोपियाला. अनेकवचनी ‘डिस्टोपिये’ मात्र कानाला खटकतं, तिथे रूप बदलू नका.

एक मात्र सांभाळा. कुराज्य हा शब्द समीक्षेत आणि मलपृष्ठावर शोभतो. कथेतल्या पात्रांच्या तोंडी तो घालू नका. त्या राज्याला स्वतःचं गोड नाव असतं, ‘समन्यायी पाणी योजना’ असं काहीतरी. नाव देणं हे सत्तेचं जुनं काम आहे. अकबराने खान्देश घेतल्यावर मुलगा दानियाल याच्या नावावरून त्याचं ‘दानदेश’ केलं होतं. लोकांच्या तोंडी खान्देशच राहिलं. तुमच्या गावातही फर्मानात एक नाव आणि ओट्यावर दुसरं, अशी दोन नावं चालू द्या. ओट्यावरचं नाव अहिराणीतलं असू द्या.