शाळेच्या स्काऊट पथकात मुलांना नेमके काय करायला मिळते? मुलाला पाठवावे का?

आपला मुलगा यंदा पाचवीत गेला आहे आणि शाळेने स्काऊटसाठी नाव नोंदवण्याची चिठ्ठी घरी पाठवली आहे. शेजारी मात्र म्हणतात, की तिथे गणवेश, स्कार्फ आणि शनिवारची परेड यापलीकडे काहीच नसते. सहली आणि शिबिरे खरोखर होतात का, आणि मुलाला रात्री बाहेर राहू द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी सातारा शहरातील एका माध्यमिक शाळेत अठरा वर्षे स्काऊट मास्तर होतो, त्या अनुभवावर सांगतो. शेजारी खोटे बोलत नाहीत. प्रजासत्ताक दिनाला संचलनापुरती उभी राहणारी आणि एरवी कपाटात स्कार्फ घडी करून ठेवणारी पथके मीही पाहिली आहेत. म्हणून नाव घालण्यापूर्वी एकच गोष्ट तपासा: त्या पथकात संघ प्रत्यक्षात चालतात का?

संघ म्हणजे सहा ते आठ मुलांचा गट. त्याचा संघनायक त्यांच्यातलाच एक मुलगा असतो. बेडन पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राऊन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाच त्यांनी मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकाची जबाबदारी एकेका मोठ्या मुलावर सोपवली होती. आपल्याकडे ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संस्था झाली, पण ती चौकट तशीच राहिली. आमच्या पथकात हाईकला कुठे जायचे, शिधा कोण आणणार, मागच्या वेळी भांडी न घासता पळालेल्याचे काय करायचे, हे सारे संघनायकांच्या मानसभेत ठरत असे. मी तिथे बसायचो, पण विचारल्याशिवाय बोलायचो नाही. हे बोलायला सोपे असले तरी शिक्षकाला फार जड जाते.

आठवड्याच्या सभेत खेळ, गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, माग काढणे आणि अंदाज हे विषय येतात. गाठींची सुरुवात रीफ गाठीपासून होते. डावे टोक उजव्यावर, मग उजवे डाव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतले, की गाठ आडवी बसते आणि ताण पडताच सरकते. मुलांना हे सांगून पटत नाही, झोळीची पट्टी सुटून मित्राचा हात खाली आला की लगेच पटते. अंदाजाचा तास मात्र माझा विशेष आवडता होता. झाडाची उंची काढायची असेल, तर बुंध्यापासून अकरा लाठ्या अंतर मोजून तिथे एक लाठी उभी धरायची, आणखी एक लाठी मागे जाऊन जमिनीवर पालथे पडायचे, डोळा मातीला टेकवायचा आणि झाडाचा शेंडा लाठीवर जिथे दिसतो तिथे बोट ठेवायला सांगायचे. त्या खुणेच्या उंचीला बाराने गुणले, की झाडाची उंची मिळते. समरूप त्रिकोण पुढे वर्गात येतात तेव्हा ही मुले फळ्याकडे पाहून आपसांत हसतात.

हाईक म्हणजे बसने जाऊन बसने येण्याची सहल नव्हे. साताऱ्यात आमची पहिली हाईक बहुधा अजिंक्यताऱ्यावर होई, कारण किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे आणि वर डांबरी रस्ता जात असला तरी मुलांना पायवाटेने नेता येते. एक संघ अर्धा तास आधी निघून वाटेवर खडूने आणि दगडांनी खुणा ठेवी, बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडून येऊ नका. आणि मागचे संघ त्या वाचत येत. जरा सराव झाला, की देगावमार्गे पाटेश्वरचा डोंगर. तिथे कातळातल्या असंख्य शिवपिंडी मोजण्याची पैज लागे आणि कोणत्याही दोन मुलांची संख्या कधीच जुळत नसे.

दुपारचे जेवण भांड्यांशिवाय करायचे, हा नियम होता. निखाऱ्यात बटाटे, कांदे आणि भरताची वांगी पुरायची, पळसाच्या पानांत कणकेचे पानगे गुंडाळून शेकायचे. एका संघनायकाने पहिल्यांदा पेटत्या ज्वाळेतच पानगे टाकले. वरचे पान कोळसा झाले आणि आतली कणीक कच्चीच राहिली. मी काही बोललो नाही. बाकी संघ जेवत असताना त्याने पुन्हा लाकडे रचली, ती जळून निखारे होईपर्यंत वीस मिनिटे गप्प बसून राहिला, आणि दुसऱ्या खेपेचे पानगे त्याने आम्हा सगळ्यांना वाटले. घरी त्याने स्वतःच्या हाताने कधी पाणीही घेतले नव्हते, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.

शिबिरात याच गोष्टी दोन-तीन दिवस सलग कराव्या लागतात. तंबू ठोकायचा, भोवती पावसासाठी चर खणायचा, लाठ्या आणि सुतळीने ताटांचा मांडा, चपलांचा स्टँड अशी गॅजेट बांधायची. स्वयंपाकाच्या जागेजवळ ओला खड्डा आणि सुका खड्डा असे दोन खड्डे असतात. ओल्या खड्ड्याच्या तोंडावर गवताची जाळी ठेवून सांडपाणी त्यातून ओतले, की तेलकट भाग गवतात अडकतो. ते गवत रोज जाळून नवे घालायचे. एका शिबिरात मीच चूक केली. संध्याकाळी आकाश भरून आले होते, तरी झोपण्यापूर्वी तंबूचे ताण सैल करायला सांगायचे राहून गेले. सुती दोर भिजला की आखडतो. रात्री अवकाळी पाऊस आला, दोर ताणले गेले, खुंट्या उपटल्या आणि दोन तंबू मुलांच्या अंगावर बसले. कोणाला लागले नाही, पण ती रात्र आम्ही जवळच्या मंदिराच्या सभामंडपात काढली. तंबूच्या ओल्या कापडाला आतून बोट लावले की तिथूनच गळू लागते, हे त्याच रात्री सर्वांनी प्रयोग करून पाहिले.

सेवेच्या बाजूबद्दल थोडे परखड लिहितो. ‘खरी कमाई’ म्हणजे मुलांनी श्रम करून चार पैसे मिळवणे: सायकली पुसणे, बागेतले तण काढणे. आता बऱ्याच ठिकाणी आया रात्री जागून भेळेची चटणी करतात आणि मुले नुसती गल्ल्यावर बसतात. त्यातली कमाई खरी आहे, पण ती आईची आहे. याउलट ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंदला पाणी वाटायला आणि मुक्कामानंतर पत्रावळी गोळा करायला नेलेली मुले संध्याकाळी थकून बसमध्ये उभ्यानेच झोपायची.

प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या आहेत. पुरस्काराच्या सवलतींकडे डोळा ठेवून पाचवीच्या मुलाला ढकलू नये, एवढेच माझे मत.

आता रात्रीच्या मुक्कामाविषयी. शिबिरापूर्वी पालकांचे संमतीपत्र घेतात का, सोबत प्रशिक्षित स्काऊट मास्तर किती असतील, मुलींचे पथक असेल तर गाईड कॅप्टन मुक्कामाला राहणार आहेत का, जवळचा दवाखाना कोणता आणि वाहन रात्रभर तिथे उभे असते का, हे लेखी विचारा. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या शिक्षकाबरोबर मुलाला पाठवू नका. उत्तरे पटली, तर पहिल्या वर्षी फक्त दिवसाच्या हाईकला आणि दुसऱ्या वर्षी शिबिराला सोडा. पहिल्या रात्री बहुतेक मुले रडवेली होतात. माझ्या अनुभवात शेकोटीनंतरचा तास कठीण जातो आणि सकाळी झाडलोट सुरू झाली की घर आठवत नाही. त्यामुळे रात्री फोन करू नका. सामान मुलालाच भरू द्या आणि बॅटरी, जादा मोजे व स्वतःचे ताट घेतले का, एवढे फक्त विचारा. घेतले नसेल तरी तुम्ही भरू नका. पहिल्या जेवणाला मित्राचे जेवून होईपर्यंत त्याच्या ताटासाठी थांबावे लागले, की पुढच्या वेळी ताट आधी पिशवीत जाते.