दुःखात आनंदी राहायचं म्हणजे हसत बसायचं नाही

हे बघ, दुःखात आनंदी कसं राहायचं असं तू विचारलंस ना, विश्वासात नवीन असताना माझाही हाच घोळ झाला होता, मला वाटायचं ख्रिस्ती माणसानं रडायचंच नाही, रडलं की विश्वास कमी पडला, आणि मग मी चर्चमध्ये सगळ्यांना हसून दाखवायचो आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचो. अरे, मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला, बायबलमध्ये योहान ११:३५, आणि त्याला तर माहीत होतं की आपण आता याला उठवणार आहोत!

त्यामुळे आधी देवाशी खरं बोल. बायबलमधलं स्तोत्र १३ काढ, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, अजून किती दिवस, आणि शेवटी गायला लागतो, मधल्या वेळात परिस्थिती बदलली असं कुठंच लिहिलेलं नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तेही बायबलमध्ये आहेच की.

मग फिलिप्पैकरांस पत्र वाच. फक्त ४ अध्याय, एका बैठकीत होतं. त्यात आनंद करा म्हणणारा प्रेषित पौल ते लिहिताना कैदेत होता, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं, नाहीतर सुखात बसून उपदेश करणारे ढीगभर आहेत.

आणि एकटा प्रार्थना करत बसू नको रे, प्रेअर ग्रुपमधल्या एखाद्याला तरी खरं काय चाललंय ते सांग. त्याआधी एकदा फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात मध्यरात्री पौल गात होता, पण शेजारी त्याचा सोबती सीला होता ना. फारच जड वाटलं, झोप उडाली तर डॉक्टर, काउन्सेलरकडेही जा, त्यानं विश्वास कमी होत नाही.