‘परमनंट कधी होणार?’ हे मुलाला विचारणं आधी थांबवा

प्रश्न : माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चाकणला एका नामांकित कंपनीत क्वालिटीला आहे, पण ठेकेदाराच्या पेरोलवर. अडीच वर्षांत ठेकेदार दोनदा बदलला, मुलगा मात्र त्याच जागी. हातात साडेसतरा हजार येतात. 240 दिवस कधीच भरले, तरी कंपनी परमनंट करत नाही. स्थळं ‘परमनंट आहे का?’ विचारून परत जातात. ओळखीचे एक गृहस्थ पाच लाखांत कंपनीच्या रोलवर घालतो म्हणतात. नाहीतर नोकरी सोडून त्याने दोन वर्षं एमपीएससी करावी असं माझं मत. मुलगा हल्ली फोनवर नीट बोलत नाही, दिवाळीलाही ड्युटी आहे म्हणून आला नाही. योग्य मार्ग सुचवावा.
– एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : नमस्कार सर,

पाच लाख देऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा, आणि टाळाटाळ झाली तर पोलिसांत तक्रार करा. कंपनीच्या रोलवर कोणाला घ्यायचं हे प्लांटचे अधिकारी आणि एचआर ठरवतात. बाहेरचा माणूस त्याचे पैसे मागतो तेव्हा तो नोकरी विकत नसतो, तुमच्या काळजीवर कमाई करत असतो. अशा माणसांनी दिलेली बनावट नेमणूकपत्रं हातात घेऊन मुलं गेटवर जातात आणि सिक्युरिटी केबिनमधूनच परत फिरतात.

पण तुमचं पत्र वाचून मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या ओळीने. मुलगा फोनवर बोलत नाही. ड्युटी खरीच असेल, पण न बोलण्याचं कारण ड्युटी नाही. तुम्ही ठेकेदार, पगार, स्थळं, पाच लाख, सगळं लिहिलंत. तो तिथे दिवसभर काय काम करतो, हे मात्र ‘क्वालिटीला आहे’ या दोन शब्दांपलीकडे कुठेच नाही. तो इनकमिंगला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला आहे, की उत्पादनाच्या लाइनवर? हातात व्हर्नियर आणि गेज ही मापाची साधनं असतात की तो सीएमएम, म्हणजे पार्टची अचूक मापं घेणारं मशीन चालवतो? पार्ट रिजेक्ट झाला तर कारणाचा रिपोर्ट तो लिहितो की फक्त लाल टॅग लावतो? हे तुम्हाला माहीत नसेल, तर फोनवर दुसरं कोणतं बोलणं होत असणार याचा अंदाज येतो.

त्याच्या बाजूने एकदा बघा. शेजारच्या टेबलावर त्याच्याच वयाचा मुलगा तेच काम करतो आणि दुप्पट पगार घेतो. ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा असतो, बोनसची यादी वेगळी असते. आपण ‘कंत्राटी’ आहोत हे त्याला आठ तास कोणी विसरू देत नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर वडिलांच्या फोनमध्येही तोच प्रश्न येत असेल, तर तो फोन टाळणारच. ही व्यवस्था अन्यायाची आहे, आणि मी तिची वकिली करणार नाही. पण तो अन्याय तुमच्या मुलाने केलेला नाही. आज जाब मात्र त्यालाच द्यावा लागतोय.

आता त्या 240 दिवसांबद्दल. गावोगावच्या पालकांच्या आणि मुलांच्या डोक्यात हे इतकं घट्ट बसलंय की ते नीट सांगायलाच हवं. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की एक वर्षाची सलग सेवा धरली जायची. त्याचा उपयोग कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई मिळण्यासाठी. परमनंट होण्याचा हक्क त्यातून निघत नव्हता. महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्यांतल्या नोकरीच्या आदर्श नियमांमध्ये मात्र टेम्पररी आणि बदली कामगाराने 240 दिवस भरले की त्याला कायम करावं, अशी तरतूद होती. पुणे पट्ट्यात कंपन्या टेम्पररी मुलांना सात महिन्यांवर ‘ब्रेक’ देत आल्या, त्याचं मूळ हेच. आठवा महिना भरूच द्यायचा नाही. पण ती तरतूद कंपनीने स्वतः नेमलेल्या कामगारासाठी होती. तुमचा मुलगा कागदावर ठेकेदाराचा आहे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर सरकारने बंदी घातली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. कंत्राट निव्वळ देखावा होता हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावं लागतं. ठेकेदार बदलला आणि माणूस तोच राहिला, ही बाब अशा दाव्यात उपयोगी पडू शकते. पण ही लढाई युनियनने सामूहिकपणे, वर्षानुवर्षं लढायची असते. 24 वर्षांच्या मुलाने एकट्याने त्यावर आयुष्य टांगून ठेवू नये. दिवस मोजत बसण्यात त्याची अडीच वर्षं गेली, हे मला जास्त लागतं.

आणि हे एकट्या तुमच्या घरात नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. आता दर पाचांत दोन आहेत. सरकारी नोकरीही यातून सुटलेली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता आणि तरुणांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. तुमच्या शाळेतले नवे शिक्षकही आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करतात. स्टाफरूममध्ये तुम्ही त्यांच्याशी आदराने वागत असाल. तोच आदर मुलाला द्या.

एमपीएससीबद्दल एकच : त्याला स्वतःला करायची असेल तर करू दे, तीही नोकरी सांभाळून आणि किती प्रयत्न द्यायचे हे आधी ठरवून. तुमच्या इच्छेखातर नको.

मग करायचं काय? आधी कागद. ठेकेदार दोनदा बदलला म्हणजे त्याचा पीएफ तीन ठिकाणी भरला गेला असणार. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक एकच असतो, पण जुन्या ठेकेदाराने ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सुटल्याची तारीख) टाकली नाही तर रक्कम पुढे वळवताना अडते. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून महिना-महिना तपासायला सांगा. पगारातून त्याचे 12 टक्के कापले जातात. मालकाचा वाटाही त्याच्याच पगारातून कापला जात असेल तर ते बेकायदा आहे, आणि असे प्रकार होतात. एकूण पगार 21 हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार आरोग्य विम्याचं कार्ड हवंच. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे मुलांना कोणी सांगत नाही. नेमणूकपत्र, दर महिन्याची पगार स्लिप आणि प्रत्येक ठेकेदाराचं अनुभवपत्र त्याने स्वतःकडे ठेवावं. पुढची नोकरी याच कागदांवर मिळते.

दुसरं, माझं मत तुम्हाला आवडणार नाही. कंपनीचं मोठं नाव सोडायची तयारी ठेवा. भोसरीत, चाकणच्या आतल्या गल्ल्यांत पन्नास-साठ माणसांचे कारखाने आहेत, जे याच मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवतात. त्यांना क्वालिटीची माणसं हवी असतात आणि बरेच जण थेट स्वतःच्या रोलवर घेतात. ग्राहकाकडे पार्ट कशावरून रिजेक्ट होतो हे ज्याने अडीच वर्षं आतून पाहिलंय, त्याची अशा ठिकाणी किंमत होते. पाहुण्यांना सांगायला नाव छोटं असेल, पण तिथे तो दोन वर्षांत इन्स्पेक्शनपासून कस्टमर ऑडिटपर्यंत सगळं हाताळेल. कोणी ‘फिक्स्ड टर्म’, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी देऊ केली तर तिला ठेकेदारीच्या रांगेत बसवू नका. त्यात नेमणूक थेट कंपनीची असते, सोयी कायम कामगारांसारख्या मिळाव्या लागतात, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनुसार वर्षभराच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागत.

पाच लाखांतला थोडा भाग खर्च करायचाच असेल तर सीएमएम प्रोग्रॅमिंगच्या चांगल्या कोर्सवर करा. किंवा नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने 2023-24 पासून परवानगी दिलेल्या सोयीच्या वेळेतल्या पदवीवर. वर्षभराचा अनुभव लागतो, तो त्याच्याकडे आहे. कोणतं घ्यायचं हे त्याला ठरवू द्या.

स्थळांचं म्हणाल, तर वर्षभर तो विषयच काढू नका.

या रविवारी त्याला फोन करून फक्त कामाचं विचारा, आणि मध्ये सल्ला देऊ नका. त्याला मला लिहावंसं वाटलं तर त्याने स्वतः लिहावं. सोबत रोज हाताळतो त्या मशीन आणि रिपोर्टची यादी, शेवटच्या तीन पगार स्लिप आणि पीएफ पासबुकाची प्रत पाठवावी, यूएएन आणि बँकेचे क्रमांक झाकून. त्यावरून त्याने कोणत्या कारखान्यांत अर्ज करायचा, हे मी त्याच्याशीच बोलेन.